दहा खाली, पाच वर

उजव्या कानाचे सगळे लाल गोल कागदावर काढून झाले होते. तिनं लाल पेन्सिल ठेवली, डाव्या कानासाठी निळी उचलली, आणि ती नेमकी हातातून निसटून मशीनच्या मागं गेली. काढायला म्हणून वाकली तर पेन्सिलीच्या शेजारी हेडफोनची तार पडलेली. तारेचं टोक मशीनच्या भोकात असायला हवं होतं. ते टेबलावर उघडं पडलं होतं आणि सकाळपासून तसंच पडलेलं असणार, कारण सकाळी एका तान्ह्या बाळाच्या तपासणीसाठी दुसरी, बारीक नळीची जोडणी करायची म्हणून तिनंच ते उपसलं होतं. परत लावायचं राहून गेलं, आणि त्यानंतर हेडफोन लागेल असं कुणी आलंच नव्हतं. म्हणजे गेली बारा मिनिटं आतल्या खोलीत कसलाच आवाज गेलेला नव्हता. आणि काचेपलीकडे, कपड्यांच्या कपाटापेक्षा थोड्याशाच मोठ्या त्या बंद खोलीत, हेडफोन घालून आणि हातात बटण धरून बसलेल्या तिच्या बाबांनी ही बारा मिनिटं न गेलेल्या आवाजांना बटण दाबलं होतं. ती वाकलेलीच राहिली. कागद डोळ्यांसमोर होता. सातही गोल एका रेषेत, दरवर्षीसारखेच, विशीतल्या माणसाला शोभतील असे. बाबा एकसष्ट वर्षांचे होते.

ती सरळ झाली तेव्हा बाबांनी काचेतून भुवया उंचावल्या. काय झालं, असं त्यांचं विचारणं होतं. तिनं हाताचा पंजा दाखवला, थांबा जरा, आणि काहीतरी शोधतेय असं दाखवत खण उघडला. खणात स्टेपलर होता, रबरबँड होते आणि एका जुन्या पेशंटनं विसरलेला चष्मा होता. ती त्या चष्म्याकडे बघत बसली. आता डोकं चालवायला हवं होतं आणि तेच चालत नव्हतं. तिचं काम कानांची तपासणी करण्याचं. बाबा शेजारीपाजारी सांगायचे, डॉक्टर नाही, पण डॉक्टरच्या अलीकडची. या कामात पहिल्याच वर्षी एक गोष्ट सांगतात, की घरच्या माणसाची तपासणी आपण करायची नाही, दुसऱ्याकडे द्यायची. क्लिनिकच्या मोठ्या बाई तर हे महिन्यातून एकदा तरी ऐकवायच्या. ती मान डोलवायची आणि दरवर्षी बाबांच्या वाढदिवसाच्या आठवड्यात, बाई नसतील असा दिवस बघून, त्यांना बोलावून घ्यायची. दुसरी गोष्ट अशी सांगतात, की पेशंटला तपासणाऱ्याचा हात दिसता कामा नये, त्याची खुर्ची आडवी ठेवावी. बाबा पहिल्या वेळीच म्हणाले होते, आत एकट्याला कोंडल्यासारखं होतं गं, तुझं तोंड दिसू दे. मग तिनं खुर्ची समोर फिरवली. तेव्हापासून ती समोरच होती, आणि इतक्या वर्षांत यात काही चुकतंय असं तिच्या मनालाही शिवलं नव्हतं. परक्या माणसानं खुर्ची फिरवायला सांगितली असती तर तिनं त्याला दोन शब्द सुनावले असते.

हात दिसला, दाबलं बटण, एवढं तर सरळ होतं. पण दाबायचं थांबायचं कुठं, हे बाबांना कसं कळायचं? कारण तपासणीची रीत अशी असते, की ऐकू आलं की दहानं आवाज खाली आणायचा, नाही आलं की पाचनं वर न्यायचा. दहा खाली, पाच वर, असं करत करत माणसाला जेमतेम ऐकू येईल त्या जागेशी पोचायचं आणि तिथं गोल काढायचा. म्हणजे काही आवाज चुकायलाच हवेत. बाबा ते बरोबर चुकायचे. कुठले, ते तिला आता हळूहळू उमगायला लागलं. आवाज पुरेसा बारीक झाला, की आता हा नाहीच ऐकू यायचा असं तिलाच वाटायचं, आणि तसं वाटलं की ती खालचा ओठ दातात धरायची. लहानपणापासूनची खोड. बाबा ओठाकडे बघून हात आवरायचे. तीस वर्षं त्यांनी बाटल्या भरण्याच्या कारखान्यात काढली होती. तिथं पट्ट्यावरून हजारो काचेच्या बाटल्या एकमेकींवर आदळत जायच्या, आणि माणसं माणसांशी बोलायची ती तोंडं बघून. बाबांची पाळीवरची माणसं घरी आली की ती पण एकमेकांच्या तोंडाकडेच बघत बसायची. आई म्हणायची, ह्यांची आपली जत्रा, सगळे एकमेकांना टक लावून बघतायत. तेव्हा घरात हसू व्हायचं. म्हणजे हा समोरचा कागद बाबांच्या कानांचा नव्हताच. तिच्या चेहऱ्याचा होता, तिला कागदावर काय यायला हवं होतं त्याचा.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजायला पाच मिनिटं होती. पाच वाजता तिला मुख्य कार्यालयातल्या मॅडमना कळवायचं होतं, की दोनांपैकी कोणतं शहर. ती ज्या संस्थेच्या क्लिनिकमध्ये काम करायची तिनं दोन नव्या शाखा काढल्या होत्या, आणि दोन्हीकडे तिची निवड झाली होती. पद मोठं, स्वतःची खोली, हाताखाली दोघं. कोणत्या शहरात जायचं एवढंच तिनं सांगायचं होतं. याला दोन महिने झाले होते. मॅडमनी दोनदा मुदत वाढवून दिली होती, आणि तिसऱ्या वेळी अगदी गोड आवाजात म्हणाल्या होत्या, गुरुवारी पाचपर्यंत, नाहीतर मी दोन्ही जागा दुसऱ्यांना देते, मनाला लावून घेऊ नका. घरी आईनं हात टेकले होते. हिला चपला घ्यायला दोन तास लागतात, आई मावशीला फोनवर सांगायची, शहर घ्यायला किती लागतील तूच हिशेब कर. बाबा मात्र शांत होते. कुठंही जा, म्हणायचे, माझी काळजी करायचं कारण नाही, माझे कान तर तूच पास केलेत. रोज फोनवर बोलू. रोज फोनवर बोलू, हे त्यांनी इतक्या वेळा आणि इतक्या सहजपणे म्हटलं होतं, की तिनं ते कधी ऐकलंच नव्हतं.

ती दोन्ही शहरं बघून आली होती. एकाला ती मनात उताराचं शहर म्हणायची, दुसऱ्याला पुलांचं. दोन्हीकडे दोन-दोन दिवस राहिली, आणि जाताना क्लिनिकमधलं आवाज मोजायचं यंत्र पर्समध्ये टाकून घेऊन गेली. भाड्याच्या खोल्या बघताना ती खिडकीपाशी ते धरायची आणि आकडा वहीत लिहायची. उताराच्या शहरात एका घरमालकिणीला वाटलं की ही तक्रारीची चौकशी करायला आलीय, आणि तिनं घाईघाईनं वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूची सगळी कुंडली मांडली. ती खोली शांत होती. एक्केचाळीस. खिडकीतून समोरची भिंत दिसायची आणि भिंतीवरून खाली गेलेला एक पाइप. ती पलंगाच्या काठावर बसून बघत होती, आणि बघता बघता तिला तिथं बसलेली स्वतःच दिसली, दहा वर्षांनी, त्याच काठावर, त्याच पाइपाकडे तोंड करून. पाइपाचा रंग तेवढा बदललेला. ती उठून बाहेर आली आणि उतार उतरत थेट बसथांब्यापर्यंत गेली, मालकीण मागून हाका मारत होती तरी. पुलांच्या शहरात खोली पाचव्या मजल्यावर, उजेड भरपूर, पलीकडच्या घरातला खोकला भिंतीतून ऐकू यायचा. अठ्ठावन्न. संध्याकाळी ती खाली रस्त्यावर उभी राहिली. माणसं कामावरून परतत होती, भराभर, प्रत्येकाला आपलं दार कुठं आहे हे माहीत असल्यासारखी. तिला कुठंच जायचं नव्हतं. नुसतं उभं राहणं वाईट दिसेल म्हणून ती बसची वाट बघतेय असं दाखवत राहिली आणि चार बस सोडल्या. पाचव्या बसचा कंडक्टर म्हणाला, येताय का ताई? तेव्हा तिला रडायला आलं, आणि ती चढली, आणि भलतीकडेच जाऊन उतरली. परत आल्यावर तिनं तक्ता केला. आवाज, भाडं, अंतर, पाणी, रुग्णालय. एका रकान्यात एक शहर वर जायचं, दुसऱ्यात दुसरं. तिला वाटायचं आणखी एखादा रकाना घातला की होईल. तक्ता अकरा रकान्यांवर गेला आणि दोन्ही शहरांची बेरीज सारखी आली, तेव्हा बाबा खूप हसले होते. आई हसली नव्हती.

खरं तर कोणतं शहर हा प्रश्नच नव्हता, हे तिलाही आत कुठंतरी ठाऊक होतं, पण त्याच्याकडे ती बघत नव्हती. या घरातून, या रस्त्यावरून, दुसऱ्या मजल्यावरच्या या क्लिनिकमधून ती कधी निघेल की नाही, हा प्रश्न होता. कॉलेज तिनं निवडलं ते घरापासून दोन थांब्यांवर होतं म्हणून. हा अभ्यासक्रम घेतला तो अर्जावर पहिल्या चौकटीत होता म्हणून. वर्गातल्या सगळ्या जणी एकेक करून निघून गेल्या, आणि ती प्रत्येकीला सोडायला गेली. गेल्या वर्षापासून तिला सकाळी जिना चढताना शेवटच्या पायरीवर श्वास अडायचा. दम नव्हे. आत आता हवा पुरेशी नसेल असं वाटायचं, मग दार उघडलं की हवा असायची. इथं राहिलीस तर अशीच संपशील, असं तिला तिचं तिलाच वाटायचं, आणि संध्याकाळी घरी जाऊन आईच्या हातचं जेवताना बरंही वाटायचं. त्या बरं वाटण्याची तिला सगळ्यात जास्त भीती होती.

आता खणातल्या चष्म्याकडे बघत असताना घरातल्या कितीतरी गोष्टी उलगडत गेल्या. जेवताना बाबा टेबलाच्या टोकालाच बसायचे, आणि पाहुण्यानं ती खुर्ची घेतली तर अस्वस्थ व्हायचे. म्हातारपणीचा हट्ट, आई म्हणायची. कुणी बोलायला लागलं की बाबा आधी उठून दिवा लावायचे. वीज गेली की गप्प व्हायचे. अंधारात अख्खं घर बोलायचं आणि बाबा कोपऱ्यात मूग गिळून बसायचे. तिला लहानपणी वाटायचं, बाबा अंधाराला घाबरतात, आणि ती त्यांचा हात धरून बसायची. आणि फोन. पुलांच्या शहरातून तिनं दोन्ही दिवशी घरी फोन केला तेव्हा आईच बोलली होती. बाबा विचारतायत जेवलीस का. बाबा म्हणतायत खोलीला कडी नीट आहे ना बघ. तिनं म्हटलं, दे ना त्यांच्याकडे. आई म्हणाली, ते दाराशी गेलेत. आत्ता तर विचारत होते, असंही तिच्या मनात आलं नव्हतं. कानांची माणूस ती. दिवसाला आठ जणांना तुम्हाला ऐकू येत नाहीये हे समजावून सांगणारी.

तिनं खण बंद केला. तार भोकात घातली, दोनदा दाबून बघितली. मग पेशंटच्या कागदांची जाड फाइल उभी करून मशीनच्या पुढं धरली, तिचा हात आणि अर्धा चेहरा झाकेल अशी. काचेपलीकडे बाबांनी फाइल बघितली. खुर्चीत थोडे मागं सरकले, पाठ ताठ केली, मांडीवरचा हात उगाच पुसला आणि बटण पुन्हा नीट धरलं. तिला फाइलच्या वरून त्यांचे फक्त डोळे दिसत होते, आणि थोड्या वेळानं त्यांनी तेही मिटून घेतले. तिनं सुरुवात केली. दहा खाली नाहीच, वरच. वीस, काही नाही. तीस. चाळीस. जाड, घोगऱ्या आवाजांना बाबांनी बटण दाबलं आणि मशीनवर दिवा लागला. पुढं आवाज पातळ व्हायला लागले तसे दिवे उशिरा लागू लागले, मग पन्नासला, मग पासष्टला, शेवटी शिट्टीसारख्या आवाजाला ऐंशीवर जाऊन. तिच्या कानातल्या मॉनिटरवर तिला स्वतःला तो आवाज टोचत होता, आणि आत बाबा डोळे मिटून, मान किंचित वाकडी करून त्याची वाट बघत होते. कागदावर नवे गोल जिन्यासारखे खाली उतरत गेले. डावा कान त्याहून वाईट निघाला. आता शंकेला जागा नव्हती. असे कान असले तरी समोरचं तोंड दिसत असेल तर संसार करता येतो, फोनवर मात्र माणूस बोलतोय एवढंच कळतं, काय बोलतोय ते कळत नाही.

तिनं पेन्सिल ठेवली. आणि तेव्हा ते झालं. तिचे खांदे आपोआप खाली आले, आणि मनात अगदी स्वच्छ शब्दांत उमटलं, चला, सुटले. आता जायला नको. उताराचं शहर नको, पुलांचं नको, तो पाइप नको, तो खोकला नको. आता कुणी विचारलं तर सांगायला काहीतरी होतं, तेही असं की पुढं कुणी एक अक्षर बोलू शकणार नाही. बाबांना ऐकू येत नाही. कागदावर आहे. तिनं लांब श्वास घेतला आणि फाइल आडवी ठेवली. मग तिला कळलं की आपल्याला काय वाटलं, आणि ती जागच्या जागी गोठली. लाज वाटली. समोर वडिलांचे कान गेलेले आणि आपल्याला बरं वाटतंय. तिनं घाईनं चेहरा सारखा केला, कपाळावर आठी आणली, डोळ्यांत काळजी आणली, आणि मग मान वर केली. बाबांचे डोळे उघडे होते. ते केव्हापासून उघडे होते, हे तिला माहीत नव्हतं.

आत बोलायचा माइक तिनं लावलाच नाही. त्याचा उपयोग नव्हता. आतला माइक कायम चालू असायचा, त्यामुळं बाबांचा श्वास तिच्या टेबलावरच्या स्पीकरमधून ऐकू येत होता. ती नुसते ओठ हलवत म्हणाली, "कधीपासून?"

"पहिल्या वेळेपासून," बाबा म्हणाले. हेडफोनमुळं त्यांचा आवाज जरा मोठा आला. "तुझा पहिला कागद होता तो. म्हटलं, पोरीचा पहिला कागद चांगला येऊ दे."

आणि मग तो कागद तिनं वर्गात दाखवला, सरांनी वाखाणला, घरी फ्रीजवर चिकटवला गेला, त्यामुळं पुढच्या वर्षी खरं सांगायची पंचाईत झाली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी आणखी झाली, असं बाबांनी सांगितलं. सांगताना ते थोडे हसतही होते. मुलाला परीक्षेत कॉपी करताना पकडल्यावर तो हसतो तसे. तिनं विचारलं, आईला माहीत आहे? बाबा म्हणाले, मी ऐकत नाही ही तिची तक्रार लग्नापासूनचीच आहे. मग हसणं थांबवून म्हणाले, तिला माहीत आहे, ती सगळं दोनदा सांगते मला, एकदा तोंडानं आणि एकदा हातानं. मग त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि म्हणाले की आता कानाला मशीन लावू, त्यात काय एवढं, तुम्ही लोक करता ना ते शेंगदाण्याएवढं, पुढच्या आठवड्यात बसवून टाक. तू जायच्या आधी होऊन जाईल.

ती पटापट बोलायला लागली. मशीन लावलं की झालं असं नसतं. सवय व्हायला सहा-सहा महिने लागतात, पहिले काही दिवस तर भांड्याचा आवाजही डोक्यात जातो, कितीतरी लोक कंटाळून खणात टाकून देतात. दर पंधरा दिवसांनी आवाज कमी-जास्त करावा लागतो, ते कोण करणार, मोठ्या बाईंना वेळ नसतो, आईला यातलं ओ की ठो कळत नाही. यातलं सगळं खरं होतं. रोज ती हेच पेशंटांना सांगायची, फक्त सांगताना त्याचा शेवट, पण काळजी करू नका, जमतं, असा करायची. आता तो शेवट तिनं गाळला. बाबा तिच्या ओठांवर नजर ठेवून सगळं शेवटपर्यंत बघत राहिले.

"मघाशी फाइल खाली ठेवलीस ना," ते म्हणाले, "तेव्हा तुझं तोंड बघितलं मी. आधी तुला बरं वाटलं. वाईट नंतर वाटलं."

तिनं नाही म्हणून मान हलवली. बाबांनी हात वर करून तिला थांबवलं.

"मी रागवत नाहीये. तुला नसेल जायचं तर नको जाऊस. मला काय, मी म्हातारा, मला तू घरात हवीच आहेस. पण नाही म्हणायचं तर तू म्हण. माझ्या कानांवर ढकलू नकोस. उद्या तुला इथं कोंडल्यासारखं झालं ना, तर तू माझ्याकडे बघशील. आणि मला ते दिसेल गं. मला सगळं दिसतं."

काचेवर तिचं स्वतःचं फिकट तोंड पडलं होतं, नेमकं बाबांच्या खांद्याच्या जागी, आणि ती त्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. तीन वाटा होत्या. उताराचं म्हणायचं, पुलांचं म्हणायचं, किंवा नाही म्हणायचं, मला भीती वाटते, मला माझ्या आईबापांच्या घरातून निघता येत नाही, असं म्हणायचं. तिसरी वाट तर आता बाबांनी स्वतः मोकळी करून दिली होती, उंबरठा पण काढून टाकला होता. कुठलाही एक शब्द पुरला असता. ती शब्दाची वाट बघत बसली आणि तो येईना. तासाभरापूर्वी तिची अडचण होती की दोनांतून निवडता येत नाही. आता तीन झाली होती.

पाचला दहा कमी असताना टेबलावरचा फोन वाजला. मुख्य कार्यालयातल्या मॅडम. त्यांना आज लवकर निघायचं होतं, म्हणून म्हटलं आपणच करावा. काय मग, त्या म्हणाल्या, ठरलं का आमच्या राणीसरकारांचं? ती फोन कानाला लावून उठून उभी राहिली. काचेपलीकडे बाबाही खुर्चीत पुढं सरकले. त्यांची नजर तिच्या डोळ्यांवरून खाली आली आणि ओठांवर थांबली. त्यांनी मान हलवून तिला बोल, बोल असं सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर आशा होती, आणि आता जे काही तोंडातून निघेल ते सगळंच्या सगळं पलीकडे पोचणार होतं, एक काना-मात्रासुद्धा वाया न जाता. हॅलो, मॅडम म्हणाल्या, ऐकताय ना? हो, ती म्हणाली, हो, ऐकतेय. बाबांनी ते हो बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

ती वळली. तिनं काचेकडे पाठ केली आणि समोरच्या भिंतीवरच्या कानाच्या मोठ्या चित्राकडे तोंड करून उभी राहिली.

"मॅडम, मला नाही जमणार," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता, रोज पेशंटांच्या नातेवाइकांशी बोलताना असायचा तसा. "माझ्या वडिलांना ऐकू येत नाही. आजच तपासलं. दोन्ही कान. त्यांना माझी गरज आहे."

मग मॅडमचा आवाज बदलला, मऊ झाला. त्या म्हणाल्या, अगंबाई. म्हणाल्या, मग आधी सांगायचं नाही का, मी उगाच तुम्हाला घाई करत होते. जागा द्याव्या लागतील दुसऱ्यांना, त्याला इलाज नाही, पण मी वर सांगेन सगळ्यांना. आईवडिलांसाठी इतकं सोडणारी मुलं आता राहिलीत कुठं, त्यांनी चांगलं काहीतरी केलं असणार म्हणून अशी मुलगी पोटी आली. ती सगळं ऐकत होती. ऐकता ऐकता डोळे भरून आले आणि तिला ते शब्द खरे वाटायला लागले, गोड लागले. धन्यवाद मॅडम, ती म्हणाली. पलीकडून फोन बंद झाला. तरी तिनं तो कानापासून काढला नाही.

मागच्या टेबलावर स्पीकरमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"सांगितलंस का गं?" बाबांनी विचारलं. "कोणतं सांगितलंस?"

पाठमोरी असेपर्यंत उत्तर द्यावं लागणार नव्हतं. ती कानाच्या चित्राकडे बघत, बंद फोन गच्च धरून तशीच उभी राहिली. बाबांनी पुन्हा विचारलं नाही.